‘एर्झात्स’ आणि वऱ्हाडांतील ‘जर्मन’

‘एर्झात्स’ हा जर्मन शब्द नकली वस्तूचा वाचक म्हणून इंग्रजींत रूढ आहे. मूळ भाषेंत त्याचा अर्थ बदली किंवा भरपाई एवढाच असून गाडीच्या जादा चाकासहि तो लागतो. १९१४ ते १९१८ च्या महायुद्धांत नाकेबंदीमुळें जर्मनींत कॉफी दुर्मिळ झाली व तिच्या जागीं जव, चिकोरी यांचा काढा आला. तेव्हांपासून या शब्दास हिणकसपणाचा वास येऊं लागला.

वाशीमकडे व एकंदर वऱ्हाडांत हा शब्द आला नाहीं. ‘जर्मन’ मात्र घरोघर आला. ॲल्युमिनियमच्या गंजास ‘जर्मनचा गंज’ म्हणतात. या धातूचीं भांडीं मद्रासच्या कलाशाळेंत आल्फ्रेड चॅटर्टन यांनीं १८९८ पासून करविलीं. तेव्हां नांवावरून माल जर्मनीचा ठरत नाहीं. आमच्या मतें हें नांव ‘जर्मन सिल्व्हर’वरून आलें असावें. तांबें, जस्त व निकेल यांच्या त्या मिश्रधातूंत चांदी मुळींच नसते. रुप्यासारखें दिसणारें परंतु रुपें नव्हे, तें ‘जर्मन’, असा हा अर्थविस्तार दिसतो.

बदली व बनावट यांतील भेद संशोधकानें विसरूं नये. निधनपूर ताम्रपटांत कामरूपाचा राजा भास्करवर्मा सांगतो कीं, मूळ पट जळाल्यामुळें हे नवे दिले. उलट हर्षाच्या मधुबन ताम्रपटांत, वामरथ्य नामक ब्राह्मणानें ‘कूटशासना’च्या बळावर भोगिलेलें गांव काढून घेतल्याचें नमूद आहे. एकानें आपलें बदलीपण उघड सांगितलें, दुसऱ्यानें कपट झांकलें. आमच्या भाषेंतहि एकाच अरबी धातूपासून कचेरींत ग्राह्य असलेली ‘नक्कल’ व बाजारांतील ‘नकली’ असे दोन शब्द निघाले आहेत.

हा प्रश्न वाशीमास परका नाहीं. वाशीम म्हणजे प्राचीन वत्सगुल्म. येथें १९३९ सालीं विंध्यशक्ति द्वितीय याचा, राज्यवर्ष ३७ चा ताम्रपट उजेडांत आला व वाकाटकांची वत्सगुल्म शाखा अभ्यासकांस कळली. एका शासनानें एक राजशाखा उजेडांत येते, तेथें कूटशासन खरें मानल्यास इतिहासच कूट होईल, आणि प्रामाणिक नक्कल नकली म्हणून टाकल्यास खरें तेवढें नाहींसें होईल. जर्मनचा गंज कोणी रुप्याचा म्हणून विकीत नाहीं. जुन्या कागदांसहि हीच कसोटी आधीं लावावी.