बेगमपेठेहून निघालेली पत्रे



काचीगुड्याच्या या शाळेत शिकत असताना रोनाल्ड रॉस हे नाव आम्हांस एका ओळीपुरतेच ठाऊक होते. डास आणि हिवताप यांचा संबंध त्यांनी येथून काही मैलांवर, बेगमपेठेस सिद्ध केला, हे मला पुष्कळ उशिरा कळले. आज त्या शोधामागील पत्रव्यवहाराविषयी बोलावयाचे आहे.

एकोणिसाव्या शतकातील विज्ञान टपालाच्या आधाराने वाढले. डार्विन आपल्या खेड्यातील घरी बसून कबुतरे पाळणारांस, माळ्यांस, मिशनऱ्यांस, अनोळखी जिज्ञासूंसही पत्रे लिहीत. त्यांच्या पत्रव्यवहारातील सुमारे १५,००० पत्रे आज ज्ञात आहेत.

रॉस हे लष्करी डॉक्टर. १८९४ साली लंडनमध्ये पॅट्रिक मॅन्सन यांनी त्यांना रक्तातील हिवतापाचे जंतू दाखविले व डासांविषयीचा आपला तर्क सांगितला. १८९५ मध्ये सिकंदराबादेस आल्यावर रॉस आपले प्रयोग आणि अपयशे त्यांना कळवीत राहिले. आगबोटीच्या टपालास आठवडे लागत. उत्तर येईतो नवी शंका उभी राही. शिवाय गुरूचा तर्कही पुरता खरा नव्हता. डास मरून पडलेले पाणी प्याल्याने रोग जडतो, असे मॅन्सन मानीत. डासांच्या जातींची नावे रॉस यांना ठाऊक नव्हती. ‘ठिपकेदार पंखांचा’ असे वर्णन करूनच भागवावे लागे. अशाच एका डासाच्या जठराच्या भित्तीत २० ऑगस्ट १८९७ रोजी त्यांना जंतूंच्या रंगकणांनी युक्त पेशी दिसल्या.

पुढे राजपुतान्यात बदली होऊन काम खुंटले, तेव्हा मॅन्सन यांनी लंडनहून खटपट केली. १८९८ मध्ये कलकत्त्यास पक्ष्यांच्या हिवतापावर रॉस यांनी केलेले काम एडिंबरोच्या सभेत मॅन्सन यांनीच मांडले. १९०२ चे नोबेल पारितोषिक रॉस यांना मिळाले. नंतर श्रेयाचे वाद झाले, गुरुशिष्यांतही वितुष्ट आले; पण कोणी कोणास काय दिले, याची साक्ष ती पत्रे देतात.

या व्यवहारात आणखी एक माणूस होता. हुसेन खान नावाचा रुग्ण चावणाऱ्या प्रत्येक डासामागे एक आणा घेऊन आपले रक्त देत होता. तो पत्रे लिहिणाऱ्यांपैकी नव्हता. रॉस यांनी नोंदविले म्हणून त्याचे नाव उरले. विद्यार्थी मित्रहो, उद्या आपण काही लिहाल, तेव्हा ज्यांच्या आधारावर लिहिले त्यांची नावेही अवश्य लिहा, एवढीच माझी विनंती आहे.