पिकअप वाढवणारी डबी

गाडीच्या वायरिंगच्या धंद्यात माझी हयात गेली. त्यामुळे ‘काका, एवढी चिप लावून द्या’ म्हणत कोणी काळी डबी पुढे केली की मी आधी मल्टिमीटर काढतो. डबीला दोन वायरी, एक कनेक्टर आणि वर ठळक मजकूर: पॉवर वाढणार, पिकअप वाढणार, ॲव्हरेजही वाढणार. मीटर ३,३०० ओहम दाखवतो. एकदा एका गिऱ्हाइकाच्या परवानगीनं डबीतला काळा डांबरासारखा मसाला फोडला. आत नारिंगी-नारिंगी-लाल पट्ट्यांचा एक रेझिस्टर होता. बस, बाकी काही नाही. मुंबईत लॅमिंग्टन रोडला तो फार तर रुपया-दोन रुपयांना मिळतो.

चिपचा धंदा मुळात असा नव्हता. १९७१ साली इंटेलमध्ये डोव्ह फ्रोमन यांनी ईप्रॉम बनवली. आतला मजकूर पुसून पुन्हा लिहिता येईल अशी ही चिप. तिच्या पाठीवर क्वार्ट्झची बारीक खिडकी असते. अतिनील दिव्याखाली वीसेक मिनिटं ठेवली की पाटी कोरी. १९७९मध्ये बॉशचं मोट्रॉनिक बीएमडब्ल्यू ७३२आय गाडीत आलं आणि पेट्रोल किती सोडायचं, ठिणगी कधी पाडायची, हे दोन्ही एकाच कॉम्प्युटरच्या हाती गेलं. ऐंशीच्या दशकात असे कॉम्प्युटर सर्रास झाले आणि त्यांचे आकडे ईप्रॉममध्ये बसले. किती फेऱ्यांना, किती लोडला, ठिणगी किती आधी, असे तक्तेच्या तक्ते. कंपनीला तीच गाडी वाळवंटातही विकायची असते आणि बर्फातही, चांगल्या पेट्रोलवर आणि भिकार पेट्रोलवरही. म्हणून तक्त्यात हात राखलेला असे. युरोप-अमेरिकेतले ट्यूनर चिप काढत, तक्ता वाचत, आकडे बदलून नवी चिप ‘बर्न’ करत आणि गाडी ताकद मोजणाऱ्या डायनोवर चढवून खात्री करून घेत. त्याला डोकं लागे, आणि इंजिन जाळायची हिंमतही.

आपल्याकडे तेव्हा कार्बोरेटरचं राज्य होतं. ट्यूनिंग म्हणजे जेट बदलणं, टॅपेट, प्लगचा गॅप, पॉइंट. आयात गाड्यांचे काही शौकीन बाहेरून चिपा मागवत. चिपच्या खिडकीवरचा स्टिकर उचकटू नका, उजेडानं मजकूर पुसेल, हे त्यांना बजावून सांगावं लागे. २०००च्या सुमारास प्रदूषणाचे नियम कडक झाले, कार्बोरेटर गेला, घरोघरी इंजेक्शनची गाडी आली आणि ‘चिप’ हा शब्द गल्लीतल्या पोराच्याही तोंडी बसला. रेझिस्टरवाल्यांना याहून चांगला मुहूर्त कुठला?

आता तो रेझिस्टर काय करतो ते पाहा. इंजिनात जाणारी हवा किती गरम आहे हे सांगणारा एक सेन्सर असतो. हवा गार तसा त्याचा ओहम जास्त. बॉशचा नेहमीचा सेन्सर २० अंशांना अडीच हजार ओहम दाखवतो, शून्याला सहा हजारांच्या जवळपास. मे महिन्यात कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर पारा ३५ला असताना त्याचे भरतात साधारण चौदाशे. त्यात डबीचे ३,३०० मिळवा. कॉम्प्युटरला वाटतं, आपण डिसेंबरच्या पहाटे महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी उभे आहोत. गार हवा दाट, म्हणून तो पेट्रोल वाढवतो.

पण ही थाप पकडणारा पहारेकरी डबीच्या कितीतरी आधी येऊन बसलाय. १९७६मध्ये व्होल्वोच्या गाड्यांत बॉशचा लॅम्डा सेन्सर आला; तो सायलेन्सरच्या वाटेवर बसून जळून गेलेला वायू हुंगतो. पेट्रोल जास्त झालं की तो कळवतो आणि कॉम्प्युटर ते पुन्हा छाटतो. पूर्ण रेस दिल्यावर लॅम्डाचं ऐकलं जात नाही हे खरं, पण तिथे कंपनीनं आधीच पेट्रोल सढळ हातानं दिलेलं असतं. आणखी ओतून वाढतो तो काजळीचा थर. एक ग्रॅम पेट्रोल नीट जळायला १४.७ ग्रॅम हवा लागते. साध्या, टर्बो नसलेल्या इंजिनात जादा हवा कुठल्या डबीतून आणणार?

तरी गिऱ्हाईक सांगतं, ‘काका, फरक पडला हो!’ ते खोटं बोलत नसतं. अशा बऱ्याच डब्यांच्या कागदावर लिहिलेलं असतं की आधी बॅटरीची टर्मिनल काढून ठेवा. त्यानं कॉम्प्युटरनं शिकलेलं सगळं पुसलं जातं आणि दोन दिवस गाडी जरा वेगळी चालते. वर खिशातून गेलेले पैसे उजवा पाय जड करतात, ते निराळंच.

अमेरिकेत तेलटंचाईनंतर १९७५चा कायदा झाला आणि तिथल्या पर्यावरण संस्थेनं पेट्रोल वाचवणारी शंभरावर उपकरणं तपासली: चुंबकं, हवेत भोवरे करणाऱ्या चकत्या, काय काय. मोजक्यांनीच फरक दाखवला, तोही किरकोळ. धंदा त्यानं थांबला नाही, फक्त जागा बदलली. १९९६पासून तिकडे प्रत्येक गाडीत ओबीडीचं, म्हणजे बिघाड तपासायचं, सोळा पिनांचं सॉकेट सक्तीचं झालं, पुढे आपल्याकडेही आलं, आणि डबी आता स्टिअरिंगखाली जाऊन बसली. अशी एक डबी तज्ज्ञांनी उघडली, तर आत एक छोटा मायक्रोकंट्रोलर आणि एलईडी. गाडीच्या नेटवर्कशी बोलायला जी ट्रान्सीव्हर चिप लागते तिचा पत्ताच नव्हता. दिवे मात्र छान लुकलुकत होते.

डिझेल टर्बोची गोष्ट वेगळी, हे कबूल करायला हवं. तिथेही डबी थापच मारते. इंजेक्टरांना डिझेल पुरवणाऱ्या रेलमधला दाब आहे त्याहून कमी सांगते, मग कॉम्प्युटर दाब चढवतो आणि डिझेल जास्त जातं. पण टर्बोमुळे सिलिंडरात हवा शिल्लक असते, म्हणून ही थाप पचते. रांजणगावला पूर्वी बनणारं फियाटचं १,२४८ सीसीचं मल्टिजेट घ्या. ७५ पीएसचं आणि ९० पीएसचं, दोन्ही त्याच मापाचं; मुख्य फरक टर्बोचा. तिथे वाव असतो आणि तो गाडी चालवताना हाताला कळतो. नव्या गाड्यांच्या कॉम्प्युटरला डिजिटल कुलपं आल्यापासून जाणकार ट्यूनरही कधी कधी डबीकडे वळतात. त्यांची डबी हजारोंची असते, गाडीच्या मॉडेलप्रमाणे बेतलेली. ती लावून कसारा घाट चढणाऱ्यांना मी एवढंच विचारतो, क्लचप्लेट किती किलोमीटर चालली आहे?