आकडा न सांगता दिलेले दान

गेल्या पावसाळ्यात नातवाच्या उशाशी एका इस्पितळात चार रात्री काढल्या. गाव तालुक्याचे, इस्पितळ जुने, वॉर्ड मुलांचा. डोक्यावर पंखा होता. तो फिरत असेपर्यंत नुसता वारा. पण त्या गावच्या रीतीप्रमाणे तास-दोन तासांनी वीज गेली की पंखा मंदावत जाई आणि त्याच्या पात्यांवरची तांबडी अक्षरे हळूहळू उलगडत. एका पात्यावर 'कै.' आणि पुढे नाव, दुसऱ्यावर 'यांचे स्मरणार्थ', तिसऱ्यावर 'सप्रेम भेट'. नातू सात वर्षांचा, नुकता कुठे अक्षरे जुळवू लागलेला. ताप उतरल्यावर त्याला तो खेळच झाला. वीज गेली की वॉर्डातली बाकीची मुले भोकाड पसरीत. हा मात्र वाचायला सरसावून बसे.

"आजोबा, हे आजोबा कोण?"

"ते वारले. त्यांच्या मुलांनी त्यांच्या नावाने हा पंखा दिला."

"केवढ्याला?"

ते मला कुठून ठाऊक असणार? दाराशी संगमरवराची पाटी होती, तिच्यावर मात्र सगळे आकडे होते. पाच हजार एकपासून एकशे एकपर्यंत, उतरत्या भाजणीने. अशा पाट्यांना हसण्याची आपल्याकडे सुशिक्षितांत एक पद्धत आहे. मी हसत नाही. ज्याच्या नातवाला ताप आहे त्याने फिरणाऱ्या पंख्याला हसू नये. पण त्या प्रश्नावरून मला एका अशा देणगीची आठवण झाली, जिचा आकडा गेली जवळजवळ शंभर वर्षे कुणी सांगितलेला नाही. नातवाला मी देणाऱ्याची गोष्ट सांगितली. वाचकांना त्या गोष्टीमागची गोष्ट सांगतो.

ती आहे लंडनची. तिथल्या ग्रेट ऑर्मंड स्ट्रीट नावाच्या रस्त्यावर १४ फेब्रुवारी १८५२ रोजी मुलांचे एक इस्पितळ उघडले. एका जुन्या राजवैद्याचे घर आणि दहा खाटा, एवढेच भांडवल. डॉक्टर चार्ल्स वेस्ट यांनी वर्षानुवर्षे खटपट करून ते काढले होते. तोवर इंग्लंडात मुलांना ठेवून घेणारे असे इस्पितळच नव्हते. १८४३ साली लंडनच्या इस्पितळांची मोजदाद झाली, तेव्हा २,३६३ रोग्यांत दहा वर्षांखालची मुले निघाली अवघी २६. आणि त्याच लंडनात वर्षाला पन्नास हजारांच्या आसपास माणसे मरत, त्यांतली एकवीस हजार दहा वर्षांच्या आतली असत! म्हणजे मुले आजारी पडत नव्हती असे नव्हे. ती घरीच पडून राहत आणि घरीच जात. मुलांना एकत्र ठेवले तर साथ पसरेल, आईपासून तोडले तर ती झुरतील, असे शहाणेसुरते लोकही म्हणत. त्यात तथ्य नव्हते असे म्हणवत नाही. पण एका खोलीत सात माणसे राहणाऱ्या घरातल्या पोराला दुसरी जागा तरी कोणती होती?

इस्पितळ निघाले, पण पैसा पुरेना. सहा वर्षांत ते टेकीला आले. तेव्हा धावून आला चार्ल्स डिकन्स. फेब्रुवारी १८५८ मध्ये इस्पितळाच्या मदतीसाठी मेजवानी झाली, तिथे तो अध्यक्ष म्हणून बोलला. एडिंबरोच्या गरीब वस्तीत पूर्वी पाहिलेले एक मूल त्याने श्रोत्यांपुढे उभे केले. अंड्यांच्या रिकाम्या खोक्यात ते निजवलेले होते. ते खोके आईने दुकानदाराकडून मागून आणलेले. मूल रडत नव्हते, कुरकुरत नव्हते. हे सगळे काय चालले आहे, असे नवल करीत असल्यासारखे नुसते बघत पडले होते. त्या एका रात्रीत जवळजवळ तीन हजार पौंड जमले. दोन महिन्यांनी त्याने स्वतःची 'ख्रिसमस कॅरल' ही गोष्ट इस्पितळासाठी जाहीरपणे वाचून दाखवली. या पैशातून शेजारचे घर घेता आले आणि खाटा वाढल्या.

याला एक पुरवणी आहे, ती मला मोठी गमतीची वाटते. त्या वाचनानंतर दोन आठवड्यांतच डिकन्सने स्वतःच्या कमाईसाठी वाचनाचे प्रयोग सुरू केले. पुढे त्यांत त्याने अमाप पैसा मिळवला. त्याचा मित्र फॉर्स्टर याला हे मुळीच रुचले नव्हते. लेखकाने असे नटासारखे पैसे घेऊन उभे राहणे त्याला कमीपणाचे वाटे. कीर्तनकाराने बिदागी घ्यावी की नाही, हा वाद आपल्याच घरचा आहे असे आपण समजतो!

डिकन्सने त्या इस्पितळाला आणखीही काही दिले, ते त्याच्या शेवटच्या पुऱ्या झालेल्या कादंबरीत, 'अवर म्युच्युअल फ्रेंड' मध्ये. तीत जॉनी नावाचे एक अनाथ पोर आहे. त्याला सांभाळणाऱ्या म्हातारीला सरकारी अनाथगृहाची इतकी धास्ती की आजारी पोराला कुणी ओढून नेऊ नये म्हणून ती त्याला दडवू पाहते. शेवटी मुलांच्या इस्पितळात आणतात, पण तोवर उशीर झालेला असतो. मरण्यापूर्वी जॉनी आपली नवी खेळणी शेजारच्या खाटेवरच्या पाय मोडलेल्या मुलाला देऊन टाकतो. ज्याच्यापाशी दोन दिवसांची मिळकत, त्याचे हे मृत्युपत्र. देणगीदारांच्या कोणत्याही पाटीवर मी पहिले नाव त्याचे लिहीन.

पुढे मुलांनीही त्या इस्पितळाला दिले. 'आँट ज्यूडीज मॅगझीन', म्हणजे आपण म्हणू ज्यूडीमावशीचे मासिक, याच्या बाळवाचकांनी पै-पैसा जमवून तिथे एक खाट चालवायला घेतली. आपल्या खाटेवर आता कोण मूल आहे, ते बरे झाले की नाही, हे मग त्यांना मासिकात वाचायला मिळे. दिवाळी अंकांच्या आजवरच्या संपादकांनी याची नोंद घ्यायला हरकत नव्हती.

आता गोष्टीचा मुख्य नायक. जेम्स बॅरी हा स्कॉटलंडमधल्या किरीमूर गावच्या एका विणकराचा मुलगा. तो सहा वर्षांचा असताना त्याचा थोरला भाऊ डेव्हिड बर्फावर घसरण्याच्या खेळात पडला आणि गेला. चौदावा वाढदिवस उद्यावर आला होता. डेव्हिड आईचा लाडका. आईने अंथरूण धरले. धाकट्या जेम्सने काय करावे? भावाचे कपडे अंगावर चढवून, भावासारखे पाय फाकून, खिशांत हात घालून तो आईपुढे उभा राहिला आणि भावासारखी शीळ घालू लागला. आईचे दुःख यातून किती हलके झाले कोण जाणे. पण एका विचाराचा तिला आधार वाटे. गेलेला मुलगा आता कधी मोठा होणार नाही, तो कायम मुलगाच राहील.

हा विचार बॅरीच्या मनात चाळीस वर्षे मुरला. लंडनच्या केन्सिंग्टन बागेत आपला मोठा कुत्रा घेऊन फिरताना त्याची ल्यूलिन डेव्हिस कुटुंबातल्या मुलांशी गट्टी जमली. त्यांना सांगितलेल्या गोष्टींतून 'पीटर पॅन' हे नाटक झाले. पीटर म्हणजे मोठा व्हायला नकार देणारा, उडणारा मुलगा. २७ डिसेंबर १९०४ ला त्याचा पहिला प्रयोग झाला. त्यात टिंकर बेल ही परी विष पिऊन मरायला टेकते, आणि पीटर प्रेक्षकांकडे वळून विचारतो: पऱ्यांवर तुमचा विश्वास असेल तर टाळ्या वाजवा. टाळ्या पडल्या तर परी जगणार. पहिल्या रात्री बॅरीने धास्तीने वादकांना आधीच बजावून ठेवले होते, की कुणी वाजवल्या नाहीत तर तुम्ही वाजवा. ती वेळ आली नाही. टाळ्यांचा पाऊस पडला.

गोष्टीतला मुलगा अमर झाला. ज्यांच्यासाठी ती सांगितली त्यांचे तसे झाले नाही. त्या पाच भावांचे वडील १९०७ मध्ये गेले, आई १९१० मध्ये. बॅरीनेच त्यांना वाढवले. थोरला जॉर्ज १९१५ मध्ये लढाईत पडला. मायकेल १९२१ मध्ये ऑक्सफर्डजवळ बुडाला. आणि ज्याच्या नावावरून नायकाचे नाव ठेवले त्या पीटरला तर ते नाव जन्मभर जाचले.

बॅरी उतारवयाला लागलेला, १९२९ साल. त्या इस्पितळाला शेजारची जागा घ्यायची होती. जागा पूर्वी टॉमस कोरमच्या अनाथ बालकाश्रमाची. १७५० साली खुद्द हँडेलने आपली 'मसाया' ही संगीतरचना त्या आश्रमाच्या मदतीसाठी सादर केली होती, आणि मृत्युपत्रात तिची एक प्रतही आश्रमाला लिहून दिली. या माहितीचा बॅरीच्या मनावर काही परिणाम झाला असे म्हणायला आधार नाही, पण जागेचाही एक गुण असतो असे माझे आपले मत. निधी जमवणाऱ्या समितीवर बसा, अशी इस्पितळाने बॅरीला विनंती केली. त्याने नकार दिला. दुसऱ्या कोणत्या तरी मार्गाने मदत करता येईल अशी आशा आहे, एवढे मात्र कळवले. समितीवर बसायला नकार देणाऱ्यांचे असले निरोप आपण सर्वांनी ऐकलेले आहेत. पण दोन महिन्यांनी या माणसाने 'पीटर पॅन'चे सगळे हक्क इस्पितळाला देऊन टाकले. अट एकच: त्यातून किती पैसा येतो, हे कधी जाहीर करायचे नाही.

आपल्याकडे याला गुप्तदान म्हणतात, पण हे त्याहून निराळे आहे. गुप्तदानात हुंडीत नोट टाकणारा कोण ते कळत नाही. इथे देणारा साऱ्या जगाला ठाऊक, झाकलेला तो आकडा. का झाकला, याचे कारण त्याने दिले नाही. आकडा कळला असता तर पुढच्या देणगीदाराने आपले शंभर पौंड त्याच्याशेजारी ठेवून पाहिले असते, आणि कदाचित खिशात परत घातले असते, असा माझा तर्क. पुढे एका समारंभात बॅरीने थट्टेने सांगितले की पीटर पॅन स्वतःच एकदा त्या इस्पितळात रोगी होता, आणि हे जे काही थोडेसे केले ते त्याच्याच सांगण्यावरून. मोठे न होणाऱ्या मुलाची मिळकत, मुले मोठी व्हावीत म्हणून चाललेल्या घराला! डेव्हिडच्या आईला हे कळायला हवे होते.

त्याच १९२९ साली इकडे मुंबईत परळला मुलांचे इस्पितळ उघडले, बाई जेरबाई वाडिया यांच्या नावाचे. सर नेस वाडिया आणि त्यांचे बंधू सर कुसरो हे गिरण्यांचे मालक. वडिलांच्या नावाने त्यांनी प्रसूतिगृह आधीच उभारले होते, हे आईच्या नावाचे. माझे बालपण लालबागेत गेले. आमच्या चाळीत 'इस्पितळात नेले' असे कुणी म्हणत नसे. 'वाडियात नेले' म्हणत. मलाही घटसर्पाच्या संशयावरून एकदा वाडियात नेले होते. संशय खोटा निघाला, पण आईने मला तिथवर लालबागेतून कडेवर नेले होते, हे ती मला पुढे वीस वर्षे ऐकवीत असे. वाडियांचे दान दगडी. ते उभे राहते, त्याला गळती लागते, त्याची डागडुजी करावी लागते. बॅरीचे कागदी. दर नाताळात पडदा वर जातो आणि नवे पीक येते. कोणते मोठे, हा प्रश्न मी तरी सोडवत बसणार नाही. कडेवरच्या पोराला दगडी लागते.

कागदी दानाला मुदत मात्र असते. बॅरी १९३७ मध्ये वारला, आणि त्यानंतर पन्नास वर्षांनी, १९८७ अखेर, नाटकावरचा हक्क संपायचा होता. तेव्हा माजी पंतप्रधान लॉर्ड कॅलहॅन पुढे आले. त्यांच्या पत्नी ऑड्री यांनी पूर्वी त्या इस्पितळाच्या कारभारी मंडळाचे अध्यक्षपद सांभाळले होते, तेव्हा घरातूनच तगादा असणार. कॅलहॅन यांनी मांडलेल्या दुरुस्तीमुळे १९८८ च्या कायद्यात एक अजब कलम आले: हक्क संपला तरी त्या देशात 'पीटर पॅन'चा प्रयोग, प्रकाशन किंवा प्रक्षेपण झाले की त्याचे मानधन इस्पितळाला कायम मिळत राहील. आपल्या जुन्या ताम्रपटांत 'यावच्चंद्रदिवाकरौ' म्हणून जमिनी लावून देत. लोकसभेसारख्या सभेने एका नाटकाला तशी सनद दिल्याचे दुसरे उदाहरण माझ्या वाचनात नाही. सनद तेवढ्या देशापुरतीच. मराठीत उद्या कुणी हे नाटक बसवले तर कायदा त्याच्याकडे पै मागणार नाही. ज्याला द्यावेसे वाटेल त्याने द्यावे, परळही काही लांब नाही.

मला या साऱ्यात सर्वांत आवडतो तो १९२९ च्या डिसेंबरातला एक दिवस. नाटकातली सगळी मंडळी रंगभूषा करून, पोशाख चढवून इस्पितळात आली आणि त्यांनी मुलांच्या निजण्याच्या खोलीचा पहिला प्रवेश आजारी मुलांपुढे केला. बॅरी स्वतः तिथे होता. खिडकीतून पीटर येतो, आपली सावली शोधतो, आणि नाटकातली मुले आपापल्या बिछान्यांवरून उठून उडू लागतात; आणि ते बघणारी मुले इस्पितळाची.

हे मी नातवाला चौथ्या रात्री सांगत होतो. पंखा बंद होता. त्याने विचारले, "मग त्या मुलांनी परीसाठी टाळ्या वाजवल्या का?"

टाळ्यांचा प्रवेश फार पुढे आहे, पहिल्या प्रवेशात तो नाही. इतिहास सांगणाऱ्याने असे करू नये, पण मी "हो" म्हणालो.