दुभंगलेले घर आणि दायभाग

पतिपत्नींचे नाते विधीने जुळते आणि विधीनेच मोडता येते. जनक आणि अपत्य यांचे नाते मात्र कोणत्याही हुकूमनाम्याने मोडत नाही. आईबापांच्या घटस्फोटानंतर मुलांच्या वारसाहक्काचे काय होते, या प्रश्नाला भारतातील निरनिराळ्या विधिपरंपरांनी तत्त्वतः एकच उत्तर दिले आहे : तो हक्क अबाधित राहतो. असे असूनही दुभंगलेल्या घरातील मूल पुष्कळदा रिक्तहस्त राहते. त्याचे कारण नात्याच्या स्वरूपात नसून मिळकतीच्या स्वरूपात शोधावे लागते.

हिंदू दायविचाराचा पाया घालणाऱ्या ग्रंथांपैकी ‘मिताक्षरा’ ही टीका विज्ञानेश्वराने कल्याणीच्या चालुक्य विक्रमादित्याच्या (सहावा) आश्रयाने लिहिली. स्वामीशी असलेल्या संबंधामुळेच जे धन दुसऱ्याचे होते, ते ‘दाय’, अशी व्याख्या तो करतो. ‘सपिंड’ या शब्दातील पिंडाचा अर्थही तो श्राद्धाचा पिंड असा न घेता शरीर असा घेतो. एका शरीराचे अवयव ज्यांच्यात उतरले, ते सपिंड. या अर्थाने मूल आईचेही सपिंड असते आणि बापाचेही. बंगालमध्ये प्रमाण मानल्या गेलेल्या जीमूतवाहनाच्या ‘दायभागा’ने पित्याच्या निधनानंतरच पुत्राचे स्वत्व उत्पन्न होते असे मानले, मिताक्षरेने वडिलोपार्जित धनात पुत्राला जन्मतःच स्वत्व दिले. पित्याच्या लहरीवर अवलंबून नसलेला हा हक्क पुढे दुभंगलेल्या घरातील मुलग्याचे मोठे संरक्षण ठरला.

घटस्फोट ही आधुनिक काळाने आणलेली गोष्ट आहे, हा समज अर्धसत्य आहे. कौटिल्याने धर्म्य विवाहांना मोक्ष नाकारला, तरी इतर विवाहांत परस्परद्वेष हे मोक्षाचे कारण मानले. महाराष्ट्रातील अनेक जातींत काडीमोड आणि सोडचिठ्ठी रूढ होती. त्यानंतर स्त्रीला पाट लावता येई. आई दुसऱ्या घरी गेली, तरी मुलगा बापाच्या एकत्र कुटुंबाचा सहदायाद राही. मुलीच्या वाट्याला मात्र पोषण आणि लग्नाचा खर्च एवढेच येई. म्हणजे काडीमोडाने मुलीचा हक्क जात नव्हता; तो मुळातच नव्हता.

मलबारातील मरुमक्कत्तायम पद्धतीने हाच प्रश्न अगदी वेगळ्या रीतीने सोडविला होता. नायरांमधील ‘संबंध’ जितक्या सहजतेने जुळे, तितक्याच सहजतेने मोडता येई. मुले आईच्या तरवाडाची, म्हणजे मातृवंशीय एकत्र कुटुंबाची, घटक असत. बाप निघून गेल्याने त्यांच्या अन्नवस्त्रात वा वारशात काही उणे होत नसे. परंतु या सुरक्षिततेची दुसरी बाजू अशी की, बापाची स्वतःची कमाईही त्याच्या तरवाडाकडे जाई आणि मुलांना तीवर हक्क सांगता येत नसे. नोकरी आणि वकिली करणाऱ्या नव्या पिढीला हे जाचू लागले. १८९६ च्या मलबार विवाह कायद्याने ‘संबंधा’ची नोंदणी करून मुलांना बापाच्या कमाईत वाटा मिळण्याची सोय केली, तिचा लाभ थोड्यांनीच घेतला. पुढील कायद्यांनी तरवाडाची बंधने शिथिल केली, आणि केरळच्या १९७५ च्या कायद्याने हिंदू एकत्र कुटुंबपद्धतीच संपुष्टात आणली.

गोमंतकात तिसरा मार्ग दिसतो. १८६७ ची पोर्तुगीज नागरी संहिता तेथे १८७० पासून लागू झाली आणि १९६१ च्या मुक्तीनंतरही टिकली. तिच्या वारसाविषयक भागाची जागा पुढे गोव्याच्या २०१२ च्या कायद्याने घेतली. या परंपरेत मालमत्तेचा निम्मा भाग अपत्यादी वारसांसाठी राखून ठेवलेला असतो, आणि कायद्याने सांगितलेल्या ठराविक कारणांखेरीज मृत्युपत्रानेही तो काढून घेता येत नाही. मुस्लिम विधीतही मृत्युपत्राची मर्यादा सामान्यतः एकतृतीयांशापर्यंतच आहे; तलाकाने पतिपत्नींचा परस्परवारसा संपला, तरी अपत्यांचे हिस्से कायम राहतात, मात्र मुलीचा हिस्सा मुलाच्या निम्मा असतो.

उर्वरित भारतातील हिंदूंसाठी घटस्फोट आणि वारसा हे दोन्ही विषय हिंदू संहिता विधेयकात एकत्र होते. ते विधेयक रखडल्यामुळे डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी १९५१ मध्ये मंत्रिपदाचा राजीनामा दिला. पुढे विधेयकाचे तुकडे होऊन १९५५ मध्ये विवाहाचा आणि १९५६ मध्ये वारशाचा कायदा झाला. या वारसा कायद्याने मुलगा व मुलगी यांना पहिल्या वर्गाचे वारस मानले. घटस्फोटित पत्नी विधवा म्हणून वारस होत नाही. तिची मुले मात्र बापाच्या दुसऱ्या विवाहातील मुलांच्या बरोबरीने वारस होतात. आईच्या मिळकतीतही तिच्या सर्व विवाहांतील मुलांना समान हिस्सा मिळतो. सावत्र बापाचा वारसा मात्र दत्तकविधानावाचून मिळत नाही, आणि त्याने दत्तक घेतले तर जन्मदात्या बापाकडील वारसा यापुढे खुंटतो.

पहिला विवाह कायद्याने न मोडताच केलेल्या दुसऱ्या विवाहातील मुलांचा प्रश्न अधिक अवघड होता. असा विवाह शून्य; पण मुलांचा दोष कोणता? १९७६ च्या दुरुस्तीने त्यांना आईबापांचे औरस अपत्य मानले, मात्र त्यांचा हक्क आईबापांच्या मिळकतीपुरताच ठेवला. वडिलोपार्जित धनातील बापाचा हिस्सा ही त्याचीच मिळकत समजून अशा मुलांना त्यात वाटा मिळतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने २०२३ मध्ये दिला. महाराष्ट्राने १९९४ मध्ये आणि केंद्राने २००५ मध्ये मुलीलाही जन्मतः सहदायाद केले. अशा रीतीने नात्याची बाजू उत्तरोत्तर बळकट होत गेली.

मिळकतीची बाजू मात्र उलट दिशेने गेली. १९५६ च्या कायद्यानुसार बापाकडून वारशाने आलेले धन मुलाची स्वतंत्र मिळकत ठरते, असे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये चंदर सेन प्रकरणी सांगितले. म्हणजे ज्या धनावर जन्मस्वत्व चालते, ते पिढीगणिक आटत आहे. आणि स्वतंत्र मिळकत हिंदू माणसाला मृत्युपत्राने पूर्णपणे वाटेल त्याला देता येते. अज्ञान मुलाला किंवा अविवाहित मुलीला वगळले गेले, तर ती मिळकत घेणाऱ्यांकडून पोषण मागता येते, हिस्सा नव्हे. घटस्फोटाच्या तडजोडीत आईने ‘मुलांचा काही हक्क नाही’ असे लिहून दिले, तरी बापाच्या हयातीत त्याच्या स्वतंत्र मिळकतीचा वारसा ही केवळ आशा असते, आणि आशेचे हस्तांतरण होत नाही, हे तत्त्व १८८२ पासून कायद्यात आहे. परंतु कुलपत्राने न हिरावलेला हा हक्क मृत्युपत्राच्या एका ओळीने जातो.

आजोळी वाढलेल्या मुलाचे नाव वारस-नोंदीत घालण्याची आठवण बापाच्या गावी कोणाला राहत नाही. सातबाऱ्यावर दुसऱ्या घरातील भावंडांची नावे चढतात, आणि हक्क असूनही तो सिद्ध करण्याचे ओझे दूर राहिलेल्याच्या माथी येते. गोमंतकातील मूल राखीव हिश्शाच्या आधाराने बापाच्या रोषापुढे उभे राहू शकते. सह्याद्रीच्या अलीकडील मुलाला, बापाची मिळकत स्वकष्टार्जित असेल तर, तो आधार नाही. विज्ञानेश्वराने शरीराच्या नात्याला दिलेले बळ टिकवावयाचे, तर मृत्युपत्राच्या स्वातंत्र्याला अपत्याच्या हिश्शाची मर्यादा असावी काय, हा प्रश्न घटस्फोटाच्या कायद्याकडे नव्हे, वारशाच्या कायद्याकडे विचारावा लागेल.