धूर गेला कुठे?

डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली, ती विजेवरच. अंबरनाथ, बदलापूर ओलांडताना तिच्या डोक्यावर धूर नव्हता. मग धूर संपला का? मला तसे वाटत नाही. विजेसाठी कोळसा जळत होता कल्याणच्या अलीकडे, ठाकुर्लीच्या आज बंद असलेल्या चोळा पॉवर हाऊसमध्ये. कोळशातला गंधक जळून होणारा वायू, काजळी, बारीक राख तिथल्या धुराड्यांतून बाहेर पडे. प्रवाशाचा सदरा मात्र पांढरा राहिला! पुढे १९४९ मध्ये निर्वासितांच्या छावणीचे उल्हासनगर झाले. कारखाने आले, बॉयलर पेटले. २०१९ मध्ये केंद्राने हवा सुधारण्यासाठी १०२ शहरे निवडली. त्यांत उल्हासनगर होते, बदलापूर होते. दोहोंच्या मधले, मोठ्या औद्योगिक वसाहतीचे अंबरनाथ नव्हते.