सेल्फ

जरीपटका ही फाळणीनंतर सिंधमधून आलेल्या निर्वासितांनी वसविलेली वस्ती. इथल्या मिस्त्रीच्या तोंडी ‘सेल्फ’ हा शब्द ऐकला, की मला इतिहासाचा तास आठवतो. मोटार चालू करणाऱ्या या छोट्या यंत्राचे पूर्ण नाव ‘सेल्फ-स्टार्टर’. ‘आपली आपण’ सुरू होणारी, असे मुद्दाम सांगावे लागले. कारण पूर्वी हे काम माणसाच्या दंडाचे होते. गाडीपुढे वाकून हँडल फिरवायचे, आणि इंजिनाने उलटा झटका दिला तर मनगट मोडून घ्यायचे!

यातून सोडविले अमेरिकेतील चार्ल्स केटरिंग यांनी. दुकानातील गल्ल्याच्या यंत्राला त्यांनी आधी विजेची मोटार बसविली होती. काम क्षणभराचे असेल, तर लहान मोटारीकडूनही मोठे बळ घेता येते, हे त्यांना तिथे उमगले. १९१२ च्या कॅडिलॅक गाडीत ही युक्ती आली. तिला लागणारी शिसे-आम्लाची बॅटरी फ्रान्सच्या गॅस्तों प्लांते यांनी १८५९ सालीच घडविली होती.

हँडल गेले, तशी हाताला मिळणारी समजही गेली. इंजिन जड झाले आहे की वीज कमी पडते, हे आता कानाडोळ्यांनीच ओळखावे लागते.

गेल्या पौषात माझी जुनी गाडी अडली. किल्ली फिरवली, की नुसते ‘टक्’! एका दुकानदाराने गाडीकडे न पाहताच निकाल दिला, “बॅटरी गेली.” मास्तरकीच्या पगारातून नवी घेतली. चौथ्या दिवशी पुन्हा ‘टक्’.

मिस्त्री म्हणाला, “गुरुजी, आधी पुढचे दिवे लावा. आता किल्ली फिरवा.” दिवे जराही मंदावले नाहीत.

“मंदावले असते, तर बॅटरी नाहीतर तिची टोके तपासली असती. वीज भरपूर आहे. सेल्फपर्यंत जात नाही, किंवा परत येत नाही.”

त्याने एक जाड तार बॅटरीच्या ऋण टोकापासून इंजिनाला लावली. गाडी तत्काळ सुरू झाली. इंजिन आणि सांगाडा जोडणारा अर्थिंगचा पट्टा गंजला होता. तो घासून, आवळून त्याने पाना पुसला.

जुनी बॅटरी निर्दोष होती. घरी परतताना मला वर्गातला मागच्या बाकावरचा मुलगा आठवला. त्याच्याविषयी मीही असाच, न पाहता, निकाल दिला होता. दुसऱ्या दिवशी त्याला जवळ बोलावून मी एक सोपा प्रश्न विचारला.