नाव नोंदवलं होतं का?

२०१२ सालच्या पावसाळ्यातली गोष्ट. रात्री साडेअकराला चुलतभावाचा अमेरिकेतून फोन आला. एवढ्या उशिरा तो कधी फोन करत नाही, म्हणून आधी काळजातच धस्स झालं. म्हणाला, "भाई, एक कागद मराठीत लिहून पाठवतो. तू त्याचं इंग्रजी करून दे. कोर्टात चालेल असं. आणि सध्या पोराला काही बोलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दोन पानांचं हस्ताक्षर ईमेलने आलं. मजकूर थोडक्यात असा होता: माझ्या मुलाच्या नावाने सरकारी पत्र आलं होतं. ते मी फाडलं. त्याला सांगितलं नाही. चूक त्याची नाही, माझी आहे.

पत्र कसलं होतं? अमेरिकेत 'सिलेक्टिव्ह सर्व्हिस' नावाचं एक सरकारी खातं आहे. उद्या सक्तीची लष्करभरती करायची वेळ आली, तर कुणाला बोलवायचं याची यादी हे खातं सांभाळतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे अठरा वर्षं पूर्ण झाली की तीस दिवसांच्या आत पुरुषाने तिथे नाव नोंदवायचं, आणि सव्वीस वर्षं पूर्ण झाली की दार बंद. हे फक्त नागरिकांना नाही. ग्रीन कार्डवाल्याला आहे, निर्वासिताला आहे, कागदपत्रांशिवाय राहणाऱ्यालाही आहे. विद्यार्थी म्हणून किंवा कंपनीच्या व्हिसावर वैध मुदतीत राहणाऱ्याला मात्र नाही. म्हणून आपल्याकडच्या पुण्या-मुंबईच्या सॉफ्टवेअरवाल्यांच्या गप्पांत हे नाव सहसा येत नाही. ग्रीन कार्डवर लहानपणी गेलेली मुलं यात सापडतात.

पुतण्या पंधरा वर्षांचा असताना ग्रीन कार्डवर गेला होता. सत्ताविसाव्या वर्षी त्याने नागरिकत्वाचा अर्ज भरायला घेतला आणि त्यातल्या एका प्रश्नावर अडकला. तुम्ही सिलेक्टिव्ह सर्व्हिसमध्ये नाव नोंदवलं होतं का? नव्हतं. आणि आता नोंदवायचं म्हटलं तरी वय निघून गेलेलं. वकिलाने सांगितलं की सव्वीस ते एकतीस या वयातल्या माणसाने नोंदणी जाणूनबुजून टाळली नाही, हे त्यानेच दाखवून द्यावं लागतं. एकतिशी उलटली की सहसा हा अडसर राहत नाही, कारण चांगल्या वर्तणुकीची मागची पाच वर्षंच मुख्यतः बघतात. म्हणजे एक तर पुरावा दे, नाहीतर चार वर्षं थांब.

मी इतिहास शिकवण्यात आयुष्य घालवलेला माणूस. कागदाचं इंग्रजी दोन तासांत झालं असतं. पण हा प्रश्न त्या अर्जात आला कुठून, हे शोधत मी दोन आठवडे बसलो.

गोष्ट १९१७ पासून सुरू होते, आणि तीही मजेशीर. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या काँग्रेसने कायदा करून आशियाचा एक मोठा पट्टा बंद केला. त्या पट्ट्यातून कुणी यायचं नाही. हिंदुस्थान त्यात होता. मग एप्रिलमध्ये अमेरिका महायुद्धात उतरली, १८ मे रोजी भरतीचा कायदा झाला आणि ५ जूनला २१ ते ३० वयाच्या सगळ्या पुरुषांना नावं नोंदवायला रांगेत उभं केलं. सगळ्या म्हणजे परदेशी पुरुषांनाही. ज्यांच्या देशबांधवांना चार महिन्यांपूर्वी दार लावलं, तेच इथे आधीपासून असतील तर त्यांनी यादीत यायचं.

त्या नोंदणीच्या कार्डांवर बारा प्रश्न होते. चौथा प्रश्न असा, की तू जन्माने नागरिक आहेस, नागरिकत्व मिळवलेला आहेस, परदेशी आहेस, की नागरिक होण्याचा इरादा जाहीर केलेला आहेस? दहावा प्रश्न वंशाचा. आणि खालच्या कोपऱ्यात एक सूचना, की माणूस आफ्रिकी वंशाचा असेल तर हा कोपरा फाडावा. कार्डांच्या गठ्ठ्यातून काळा माणूस हाताला लागावा म्हणून. युद्ध संपेपर्यंत तीन फेऱ्यांत सुमारे २ कोटी ४० लाख पुरुषांची नोंद झाली होती.

या कार्डांचा एक उपयोग ती छापणाऱ्यांच्या मनातही नसेल. हुगळीकडचे चिकनकामाचे कपडे विकणारे मुसलमान फेरीवाले न्यू ऑर्लिन्समध्ये जाऊन राहिले होते, तर जहाजांवरून पळालेले बंगाली खलाशी न्यूयॉर्कमध्ये काळ्या आणि पोर्तो रिकन वस्त्यांत संसार करून होते. त्यांनी आत्मचरित्रं लिहिली नाहीत. विवेक बाल्ड यांनी पुढे 'बेंगाली हार्लेम' या पुस्तकात त्यांचा इतिहास उभा केला, तो अशाच सरकारी कागदांतून: जनगणना, लग्नाच्या नोंदी, भरतीची कार्डं. आमच्या कोकणात बोटीवर गेलेल्या माणसांची घरं गावोगाव आहेत. त्यांच्याकडेही बहुधा एवढंच उरलेलं असतं, नोकरीची वही आणि एखादा फोटो. गरीब माणूस इतिहासात येतो तो बहुतेक वेळा सरकारने त्याचं नाव लिहून घेतलं म्हणून. त्याने ते आनंदाने दिलं होतं की घाबरत, हे कार्डावर लिहिलेलं नसतं.

तर १९१७ च्या नियमाप्रमाणे नोंदणी सगळ्यांची, पण प्रत्यक्ष भरती नागरिकांची आणि ज्यांनी नागरिक होण्याचा इरादा कागदावर दिलाय त्यांची. १९१८ मध्ये त्यात आणखी एक खिळा ठोकला. तटस्थ देशाच्या माणसाला इरादा मागे घेऊन भरतीतून सुटता येईल, पण मग त्याला अमेरिकेचं नागरिकत्व कधीच मिळणार नाही. सैन्य आणि नागरिकत्व यांची गाठ पक्की झाली ती इथे. त्याच वर्षी उलट बाजूचा कायदाही झाला, की गणवेश घातलेल्या परदेशी माणसाला लवकर नागरिक करून घ्यावं.

भगतसिंग थिंड हा पंजाबी शीख तरुण त्या वर्षी जुलैमध्ये वॉशिंग्टन राज्यातल्या कॅम्प लुइसवर सैन्यात दाखल झाला. पगडी बांधूनच त्याने नोकरी केली. ९ डिसेंबर १९१८ ला गणवेशात उभा राहून त्याने नागरिकत्व घेतलं. चार दिवसांत ते काढून घेण्यात आलं, कारण कायद्याप्रमाणे नागरिकत्व मिळायचं ते 'गोऱ्या' माणसाला, नाहीतर आफ्रिकी वंशाच्या माणसाला. हा त्यातला कुणीच नव्हता. त्यानंतर तीनच दिवसांनी सैन्याने त्याला सन्मानाने निरोप दिला आणि वर्तणूक उत्कृष्ट असल्याचा शेरा मारला. सरकार एकच, आठवडाही तोच.

थिंडने हार मानली नाही. १९२० मध्ये ऑरेगनच्या कोर्टातून त्याने पुन्हा नागरिकत्व मिळवलं आणि सरकार अपिलात गेलं. त्याचा वकील सखाराम गणेश पंडित. नाव ऐकून आपले कान टवकारतात. हा पंडित स्वतः १९१४ मध्ये अमेरिकन नागरिक झालेला, हुशार माणूस. पण थिंडच्या बाजूने जो युक्तिवाद झाला, तो वाचताना मला अवघडल्यासारखं होतं. तो असा, की मी उच्चवर्णीय आर्य आहे, खालच्या जातींकडे मी तसाच बघतो जसा तुम्ही तुमच्याकडच्या काळ्यांकडे बघता, म्हणून मला गोरा धरा. फुले-आंबेडकरांच्या मुलखातल्या माणसाने यावर काय बोलावं? कोर्टाने मात्र तोही मानला नाही. १९ फेब्रुवारी १९२३ ला न्यायमूर्ती सदरलँड यांनी निकाल दिला, की शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तोच गोरा. त्यानंतर पन्नासहून अधिक हिंदुस्थानी लोकांचं मिळालेलं नागरिकत्व काढून घ्यायला सरकार निघालं. वैष्णो दास बगाई यांनी १९२८ मध्ये आत्महत्या केली. पंडितांनी स्वतःचा खटला लढून आपलं नागरिकत्व राखलं, आणि त्यानंतर सरकारने बाकीच्यांचा पाठलाग सोडला.

थिंड अमेरिकन झाला तो १९३६ मध्ये. आदल्या वर्षी महायुद्धातल्या माजी सैनिकांसाठी वंशाची अट काढणारा कायदा झाला होता म्हणून. म्हणजे गणवेश उतरवल्यावर अठरा वर्षांनी. बाकीच्या हिंदुस्थान्यांना १९४६ पर्यंत थांबावं लागलं. त्या कायद्यासाठी वॉशिंग्टनच्या पायऱ्या झिजवणाऱ्यांत जे. जे. सिंग यांच्याबरोबर मुबारक अली खान हेही होते. हे दुसरं नाव आपल्याकडे कुणी घेत नाही, म्हणून मुद्दाम लिहितो. मिळालं काय, तर नागरिकत्वाचा हक्क आणि वर्षाला शंभर माणसांचा कोटा.

दुसऱ्या महायुद्धात जुनी गाठ पुन्हा आली. परदेशी माणूस, देश तटस्थ, तर फॉर्म भरून भरतीतून सूट माग, पण नागरिकत्वाला कायमचा मुकशील. मोझर नावाच्या एका स्विस माणसाने असा फॉर्म भरला. त्याची बायको अमेरिकन. त्याच्या देशाच्या वकिलातीने त्याला सांगितलं होतं की सही केलीस तरी नागरिकत्वाचा हक्क जात नाही. पुढे अर्ज केला तेव्हा सरकार म्हणालं, सही तुझीच ना? सर्वोच्च न्यायालयाने १९५१ मध्ये त्याच्या बाजूने निकाल दिला. आपण काय सोडतोय हे त्याने समजून उमजून सोडलेलं नाही, तेव्हा ते त्याच्यावर लादता येणार नाही.

समजून उमजून. पुतण्याच्या वकिलाचे शब्दही जवळपास हेच होते.

व्हिएतनामच्या काळातलं तुम्हाला माहीत आहे, निदान मुहम्मद अली माहीत आहेत. एप्रिल १९६७ मध्ये ह्यूस्टनला त्यांनी भरतीसाठी पाऊल पुढे टाकायला नकार दिला. पाच वर्षांची शिक्षा झाली, किताब गेला, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा रद्द केली. पण ते जन्माने नागरिक होते. मनाला पटत नाही म्हणून नाही म्हणण्याची किंमत त्यांनी मोजली, पण देशाबाहेर काढतील ही भीती त्यांना नव्हती. बाहेरून आलेल्याचं तसं नसतं.

१९७३ मध्ये सक्तीची भरती थांबली, १९७५ मध्ये नोंदणीही. सोव्हिएत फौजा अफगाणिस्तानात घुसल्यावर १९८० मध्ये कार्टर यांनी नोंदणी तेवढी परत आणली. १९६० मध्ये किंवा त्यानंतर जन्मलेल्या पुरुषांना ती लागू झाली. त्यानंतर भरतीसाठी एकालाही बोलावलेलं नाही. नाव न नोंदवल्याबद्दल कायद्यात पाच वर्षांपर्यंत कैद आहे, पण १९८६ नंतर कुणावर खटला झालेला नाही. ज्याने चुकवलं त्याला पोलीस शोधत येत नाही. वर्षं निघून जातात आणि मग एके दिवशी नागरिकत्वाच्या अर्जात तो प्रश्न समोर येतो.

आता पुन्हा भावाच्या कागदाकडे. पोराला अठरावं वर्ष पूर्ण झालं फेब्रुवारी २००३ मध्ये. तेव्हा अमेरिकेत दुसरीही एक नोंदणी चालू होती. ११ सप्टेंबरनंतर सरकारने पंचवीस देशांच्या, सोळा वर्षांवरच्या, तात्पुरत्या व्हिसावर राहणाऱ्या पुरुषांना कार्यालयात हजर होऊन बोटांचे ठसे द्यायला लावले होते. उत्तर कोरिया सोडला तर बाकी चोवीस मुस्लिमबहुल देश. तिलाही 'रजिस्ट्रेशन'च म्हणायचे. ऐंशी हजारांहून अधिक पुरुष स्वतःच्या पायांनी गेले. तेरा हजारांहून अधिक लोकांवर देशाबाहेर काढण्याची कारवाई सुरू झाली. यादीत हिंदुस्थान नव्हता, पाकिस्तान आणि बांगलादेश होते. भावाच्या मशिदीत बाजूला नमाजला उभे राहणारे हेच लोक. तीन कुटुंबं एका महिन्यात कॅनडाकडे निघून गेली, असं त्याने लिहिलं होतं. त्याच सुमाराला, मार्चमध्ये, इराकवर हल्ला झाला.

आणि त्या दिवसांत टपालपेटीत पत्र आलं. मुलगा, अठरा वर्षांचा, नाव मुसलमानी. सरकार म्हणतंय रजिस्टर हो. लष्कराचा उल्लेख. भाऊ मोटारी दुरुस्त करणारा माणूस, त्याचं इंग्रजी गॅरेजपुरतं. कागदात त्याने लिहिलं होतं, "मला वाटलं एक तर पोराला पकडतील, नाहीतर इराकला पाठवतील. म्हणून फाडलं. नंतर कधी विचारायची हिंमत झाली नाही."

विचारलं असतं तर कुणीही सांगितलं असतं की दोन्ही रजिस्ट्रेशनांचा एकमेकांशी संबंध नाही, त्याच्या पोराला पहिली लागूच नव्हती आणि दुसरीत धोका नव्हता. पण विचारायचं कुणाला? त्या महिन्यांत प्रश्न विचारणंसुद्धा लोकांना जोखमीचं वाटत होतं. मला त्याचा राग आला नाही. आश्चर्य वाटलं ते एवढंच, की नऊ वर्षं त्याने हे पोटात ठेवलं.

मी इंग्रजी केलं. 'फाडलं' हा शब्द सौम्य करून 'गहाळ झालं' असं लिहावं का, हा विचार मनात आला होता. भावाला फोन करून तसं सुचवलंही. तो म्हणाला, "नको भाई. शपथेचा कागद आहे. फाडलं ते फाडलंच लिही. पण पोराला माहीत नव्हतं, ते वरती ठळक लिही."

आता मुलाला सांगणं भाग होतं. काय बोलणं झालं ते मी विचारलं नाही. सिलेक्टिव्ह सर्व्हिसकडून त्याच्या नोंदीबद्दलचं पत्र मागवलं, बापाचा कागद जोडला, भाषांतरकार म्हणून खाली माझी सही. सात महिन्यांनी मुलाखत झाली. पुतण्याने फोनवर सांगितलं, "चाचा, ऑफिसरने अब्बांचा कागद दोनदा वाचला. मग मला विचारलं, हे तुला कधी कळलं? मी म्हटलं, मागच्या वर्षी. तिने लिहून घेतलं आणि पुढचा प्रश्न विचारला."

पुढच्या उन्हाळ्यात त्याने शपथ घेतली. भाऊ अजून ग्रीन कार्डवरच आहे. हिंदुस्थानचा पासपोर्ट सोडवत नाही म्हणतो.